जुने पॅकिंग खरवडताना इंजिन जपा

कोल्हापूर, विशेष प्रतिनिधी - इंजिन खोलले, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, क्‍लचप्लेट बदलल्या, सगळे नट-बोल्ट घट्ट आवळले. गाडी सुरू झाली, आवाजही सुरेख आला. मात्र पंधरा दिवसांतच मोटारसायकल उभी राहते त्या जागी फरशीवर तेलाचा काळा डाग दिसू लागला. मालक म्हणतो, सुटे भाग बनावट असावेत. मेकॅनिक म्हणतो, पॅकिंग हलके निघाले. खरे कारण बहुतेक वेळा यांपैकी कोणतेच नसते. नवे पॅकिंग बसविण्यापूर्वी जुने ज्या पद्धतीने खरवडले गेले, त्या दोन-चार मिनिटांत त्या गळतीचे मूळ असते.

‘गास्केट’ हा शब्द सुट्या भागांच्या यादीत असतो; गॅरेजमध्ये मात्र त्याला ‘पॅकिंग’ म्हणतात. इंजिनचे दोन भाग जेथे एकमेकांवर बसतात, तेथे मध्ये ठेवलेला हा पातळ कागदी किंवा धातूचा थर तेल, वायू आणि दाब आत कोंडून धरतो. किमतीने तो इंजिनमधील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. परंतु जुना झाल्यावर तो अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर असा चिकटतो, की काढताना इंजिनचेच नुकसान होते. जुन्या मोटारसायकली जिवापाड जपणाऱ्यांची संख्या कोल्हापुरात कमी नाही. त्यामुळे हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

बिडाच्या शहराची सवय

कोल्हापूरचे उद्योगविश्व ओतकामावर उभे राहिले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कर्तबगार कारागिरांच्या पिढीने येथे यंत्रे घडविण्याची परंपरा रुजविली. शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपमधून शेतीसाठी लागणारी ऑइल इंजिने आणि त्यांचे भाग तयार होऊ लागले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्री उद्योग विस्तारला. या सगळ्याचा मुख्य धातू बीड. ऑइल इंजिनाचे हेड, सिलिंडर, बॉडी हे सारे बिडाचे. त्यावर चिकटलेले पॅकिंग पटाशीने किंवा मोडक्या हॅकसॉ ब्लेडने करकर खरवडले, तरी बीड फारसे दाद देत नसे. हात तसाच तयार झाला आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे तो तसाच आला.

मोटारसायकलचे इंजिन निराळ्या धातूचे आहे. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा असला, तरी तिचे हेड आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. येझदी, राजदूत, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या असोत किंवा १९८५ नंतर रस्त्यावर आलेल्या फोर-स्ट्रोक हिरो होंडा, त्या सर्वांच्या क्रँककेस आणि बाजूची कव्हरे अ‍ॅल्युमिनियमचीच. हा धातू हलका आहे, उष्णता लवकर बाहेर टाकतो. पण मऊ आहे. ब्रिनेल मापनपद्धतीत करड्या बिडाचा कठीणपणा साधारण १८० ते २२० भरतो, तर इंजिनाच्या कव्हरांसाठी वापरल्या जाणाऱ्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा ७० ते ९०च्या आसपास. हॅकसॉ ब्लेडचे कडक पोलाद या दोहोंपेक्षा कितीतरी पटींनी कठीण असते. म्हणजे जी पटाशी बिडावरून घसरते, तीच अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतते.

पॅकिंग चिकटते का?

मोटारसायकलच्या क्‍लच कव्हरला किंवा सिलिंडरच्या तळाला वापरले जाणारे पॅकिंग बहुधा तंतूंच्या दाबलेल्या कागदाचे असते. तंतूंना धरून ठेवण्यासाठी त्यात कृत्रिम रबर मिसळलेले असते. इंजिन तापते, थंड होते, पुन्हा तापते. हे चक्र हजारो वेळा घडते. रबर कडक होत जाते, तेल कागदात मुरून भाजले जाते आणि धातूच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचाखोचांत घट्ट बसते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून जेथे हे दोन धातू समोरासमोर येतात तेथे मधले पॅकिंग सतत दोन्ही बाजूंनी रगडले जाते आणि त्याचे पापुद्रे होतात.

त्यात भर पडते ती ‘खात्रीसाठी’ लावलेल्या पदार्थांची. गळती नको म्हणून अनेक ठिकाणी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना शेलॅक फासले जाते. गळती थांबते, पण पुढच्या वेळी कव्हर उघडताना अर्धे पॅकिंग एका बाजूला आणि अर्धे दुसऱ्या बाजूला राहते. आज वाचविलेली गळती उद्याच्या खरवडण्यात वसूल होते, असा हा व्यवहार आहे.

एक ओरखडा किती महाग?

प्रत्येक ओरखडा सारखाच घातक नसतो, ही बाब समजून घेण्यासारखी आहे. पॅकिंग बसते ती पट्टी जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. तिच्या एका कडेला इंजिनचे तेल, तर दुसऱ्या कडेला बाहेरची हवा. ओरखडा पट्टीच्या लांबीने गेला असेल, तर नवे पॅकिंग दाबले जाताना तो बहुधा भरून निघतो. तो आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आडवा गेला असेल, तर मात्र तेलासाठी आयता पाट तयार होतो. नख फिरवून पाहावे. नख अडकले तर ओरखडा चिंतेचा समजावा.

गळती केवळ डागापुरती राहत नाही. लहान मोटारसायकलच्या इंजिनात तेल असते जेमतेम एक लिटरभर. रोज थोडे थोडे गळत गेले आणि पातळी तपासली गेली नाही, तर एके दिवशी घाटात इंजिन जाम होते. टू-स्ट्रोक गाडीत धोका आणखी वेगळा. तिच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल व हवेचे मिश्रण खेळते. सिलिंडरच्या तळाशी किंवा क्रँककेसच्या जोडावर फट राहिली, तर तेथून जादा हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि पिस्टन धरतो. बाहेर तेलाचा थेंबही न दिसता हे घडू शकते.

दुरुस्ती होते, पण स्वस्तात होत नाही. खोल खाच वेल्डिंगने भरून पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घेता येतो. सपाट करताना धातू कमी होतो. हेडचा पृष्ठभाग उतरविला की कॉम्प्रेशन वाढते. क्रँककेसचे दोन अर्धे भाग कारखान्यात बहुधा जोडीनेच मशीन केलेले असतात. एक खराब झाला म्हणून दुसरीकडचा एकच भाग आणून बसविणे शहाणपणाचे नसते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आरएक्स १००देखील त्याच वर्षी बंद झाली. येझदीचे नाव २०२२ मध्ये नव्या मोटारसायकलींवर परतले, परंतु जुन्या इंजिनाची मूळ क्रँककेस त्यामुळे बाजारात आलेली नाही. या गाड्यांच्या मालकांसाठी हातातील केस हीच शेवटची असते.

सर्वांत नाजूक काम नवख्याकडे

गॅरेजमध्ये कामाची एक उतरंड असते. टायमिंग लावणे, व्हॉल्व्ह सेट करणे, गिअरबॉक्स जुळविणे ही उस्तादाची कामे. धुणे-पुसणे आणि पॅकिंग खरवडणे हे काम नुकत्याच लागलेल्या मुलाकडे जाते. त्याच्या हातात घासून धार लावलेला ब्लेडचा तुकडा येतो आणि ‘चकाचक करून ठेव’ एवढीच सूचना मिळते. चकाचक करण्याच्या उत्साहात तो पॅकिंगबरोबर धातूही सोलतो. इंजिनमधील सर्वांत नाजूक हातकाम सर्वांत कमी अनुभवी हाताकडे सोपविले जाते आणि गळती लागल्यावर दोष मात्र नव्या पॅकिंगला दिला जातो.

दुसरी खोड हाताने पॅकिंग कापण्याची. तयार पॅकिंग मिळाले नाही, की कागद थेट कव्हरवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकून आकार कापला जातो. कसब वाखाणण्याजोगे असले, तरी प्रत्येक ठोक्याला अ‍ॅल्युमिनियमची कड दबते, बोथट होते. कागदावर ठसा उमटवून तो कात्रीने आणि भोके पंचाने वेगळी कापणे हा साधा उपाय आहे.

धूळ कसली आहे?

इंजिनपेक्षाही मोठा प्रश्न खरवडणाऱ्याच्या फुप्फुसांचा आहे. जुन्या काळी उष्णता सहन करणाऱ्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सर्रास वापरले जात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस हे विकार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हे आजार धूळ शरीरात गेल्यानंतर अनेक वर्षांनी, कित्येकदा दोन-तीन दशकांनी डोके वर काढतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मधील निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये अशा नोंदी कोण ठेवणार? म्हणून नियम एकच. जुन्या गाडीचे मूळ पॅकिंग असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे. नुसते पाहून ते ओळखता येत नाही. असे पॅकिंग कोरडे खरवडू नये, त्यावर ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश फिरवू नये आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नये. पृष्ठभाग ओला ठेवून काम करावे, निघालेले तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत आणि फडक्यासह पिशवीत बंद करावेत. तोंडाला बांधलेला रुमाल या सूक्ष्म तंतूंना अडवू शकत नाही.

रसायनांचा मोह

हाताने निघत नाही, की रसायनाकडे वळले जाते. येथे सर्वांत धोकादायक गैरसमज कॉस्टिक सोड्याचा आहे. लोखंडी भागांवरील चिकटा कॉस्टिकच्या गरम पाण्यात सुटतो, हा अनुभव खरा. परंतु अ‍ॅल्युमिनियम त्यात विरघळू लागते आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या भुकटीतही बहुधा हाच घटक असतो. तीव्र आम्लाचीही गत तीच. बीड ज्यातून सुखरूप बाहेर येते, त्यातून अ‍ॅल्युमिनियम खडबडीत आणि काळवंडलेले निघते.

रंग काढण्याच्या रिमूव्हरचा परिणाम झटपट दिसतो. अशा अनेक रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन हा द्रव असतो. त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिचे काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. बंदिस्त जागेत ती जीवघेणी ठरू शकते. कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्याची नोंद संभाव्य कर्करोगकारक म्हणून केली आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक उपयोगांवर बंदी घालणारा नियम काढला. साधे रबरी हातमोजे या द्रवापुढे काही मिनिटेही टिकत नाहीत. तो तापलेल्या इंजिनावर किंवा ज्योतीजवळ गेल्यास विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. म्हणून डब्यावरील घटक वाचावेत आणि वापर टाळता आला तर टाळावा.

पदार्थ ओळखला, तर सौम्य उपायही पुरतो. शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटने भिजविलेली पट्टी काही वेळ ठेवली, तरी त्याची पकड ढिली होते. कागदी पॅकिंगवर डिझेल किंवा गंज सोडविणारे तेल लावून रात्रभर ठेवल्यास ते बरेच मऊ पडते. सिलिकॉन मात्र घरगुती द्रावकांना दाद देत नाही. ते प्लास्टिकच्या पट्टीने सोलूनच काढावे लागते. पेट्रोल हाताशी असते म्हणून वापरले जाते. परंतु जेथे गरम हवेची गन किंवा विजेचे हत्यार आहे, तेथे ते नकोच.

योग्य पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाहेरून धुऊन घ्यावे. स्क्रू एकदम न सोडता आमनेसामने थोडेथोडे ढिले करावेत. कव्हर हलत नसेल, तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यावेत. दोन पृष्ठभागांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणे हा निम्म्या ओरखड्यांचा उगम असतो.

उघडल्यावर प्रथम आतील भाग झाकावा. तेलाच्या वाटा, बेअरिंगा, सिलिंडरचे तोंड यांत स्वच्छ, धागे न सुटणारे फडके भरावे. शक्य असेल तेथे खरवडायचा भाग उभा किंवा खाली तोंड करून धरावा, म्हणजे कचरा आत न पडता बाहेर पडतो. किती फडकी भरली, ते मोजून ठेवावे.

हाताने निघतील ते तुकडे आधी सोलून घ्यावेत. उरलेले भिजवावेत आणि थांबावे. या कामात थांबणे हेच अर्धे कौशल्य आहे. गरम हवेच्या गनने पृष्ठभाग हळूहळू तापविल्यासही चिकटा ढिला होतो. गॅसची ज्योत मात्र लावू नये. तिने ऑइल सील जळतात आणि पातळ कव्हर वाकते. अर्थात द्रावक लावलेला भाग पूर्ण पुसून वाळल्याखेरीज गरम हवा वापरू नये.

खरवडण्यासाठी कठीण प्लास्टिकची, बांबूची किंवा पितळेची पट्टी घ्यावी. पितळही अ‍ॅल्युमिनियमपेक्षा अगदी मऊ नसते, त्यामुळे जोर बेताचाच हवा. पोलादी ब्लेड वापरणे भागच असेल, तर त्याचे दोन्ही कोपरे घासून गोल करावेत, कारण रुततो तो कोपरा. ब्लेड पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवे धरावे आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने सरकवावे, आडवे नव्हे.

ग्राइंडरला लावून फिरविण्याच्या खरखरीत चकत्या झटपट काम करतात. म्हणूनच त्यांचा मोह होतो. त्यांतून सुटणारे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण तेलात मिसळून बेअरिंगा खातात. जनरल मोटर्ससारख्या कंपनीने आपल्या सेवा केंद्रांना अशा चकत्या इंजिनच्या जोडपृष्ठांवर न वापरण्याची सूचना दिली होती. शिवाय चकती सगळीकडे सारखी दाबली जात नाही. मऊ धातूत बशीसारखे खोलगट भाग पडतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कोठे थांबावे?

पृष्ठभाग आरशासारखा चमकला पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. जुन्या पॅकिंगचा करडा डाग अ‍ॅल्युमिनियमवर राहिला, तर बिघडत नाही. डाग म्हणजे थर नव्हे. डोळे मिटून बोट फिरवावे आणि मग नख. उंचवटा लागला नाही, तर काम संपले. बहुतेक नुकसान पॅकिंग काढताना होत नाही. ते निघून गेल्यावर उरलेला रंग घालविण्याच्या हट्टात होते.

सुटे होणारे कव्हर सपाट आहे का, हे जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर थोडे तेल टाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हलक्या हाताने फिरवून पाहता येते. जेथे धातू घासला गेला नाही, तो भाग खोलगट. हेडसाठी मात्र सरळपट्टी आणि फीलर गेज वापरावे. वाकण्याची मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांत असते आणि ती त्या त्या गाडीच्या सेवा पुस्तिकेत दिलेली असते.

शेवटी पृष्ठभाग पुसून कोरडा करावा. बोल्टची बंद भोकेही साफ करावीत. तळाशी तेल किंवा द्रावक साचले असेल आणि त्यावर बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाही. दाबाने केसच तडकते. फडकी मोजून बाहेर काढावीत. डॉवेल पिना जागेवर आहेत, हे पाहावे. नवे पॅकिंग कंपनीने वेगळे सांगितले नसेल, तर कोरडेच बसवावे. मोटारसायकलच्या कव्हरांना लागणाऱ्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण एक किलोग्रॅम-मीटर एवढाच पीळ पुरतो. त्याहून जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. केसमधील आटे मात्र निघतात.

या सगळ्याला एक तास जास्त लागतो. गिऱ्हाईक बाकड्यावर वाट पाहत बसलेले असताना तो तास काढणे गॅरेजला परवडत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून गाडी संध्याकाळी न मागता दुसऱ्या दिवशी नेण्याची तयारी मालकाने दाखविली, तर पॅकिंग रात्रभर भिजेल, ब्लेडचा जोर कमी लागेल आणि खरवडणाऱ्या पोराच्या श्वासात धूळही कमी जाईल.

हे लक्षात ठेवा

- जुने मूळ पॅकिंग कोरडे खरवडू नका; ओले ठेवूनच काढा.
- कॉस्टिक सोडा आणि तीव्र आम्ल अ‍ॅल्युमिनियमजवळ आणू नका.
- पट्टीला आडवा ओरखडा सर्वांत घातक. हत्यार लांबीच्या दिशेने चालवा.
- डाग राहिला तरी चालेल, उंचवटा राहता कामा नये.
- कव्हरवर कागद ठेवून हातोडीने पॅकिंग कापू नका.
- दुरुस्तीनंतरचे पहिले काही दिवस तेलाची पातळी रोज तपासा.